घरामागच्या अंगणातला स्मोकर: पत्रा कापण्याआधीचे निर्णय

पार्श्वभूमी

घरात पाच माणसे, घरामागे साधारण सहा बाय नऊ मीटरचे अंगण. महिन्यातून एक-दोनदा दहा-बारा जणांचे जेवण आणि वर्षातून एकदा चाळीसेक पाहुणे. या कुटुंबाकडे बाजारात तयार मिळणारा छोटा स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद आचेने मांस शिजवायची भट्टी, आधीपासून होता, पण त्याचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा. वारा सुटला की आतले तापमान घसरायचे आणि लाकूड टाकले की उसळायचे. मांसाचा मोठा तुकडा ११० ते १२० अंश सेल्सिअसला आठ-दहा तास ठेवायचा तर कुणाला तरी दिवसभर त्याच्याजवळ बसावे लागे. शेवटी फायरबॉक्सचा, म्हणजे जाळाच्या पेटीचा, तळ गंजून त्याला आरपार भोक पडले.

तेव्हा ठरले की जाड पत्र्याचा स्मोकर फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायचा. रचना नेहमीची: आडवे नळकांडे, एका बाजूला थोडा खाली जोडलेला फायरबॉक्स, दुसऱ्या टोकाला धुराडे. लाकूड फायरबॉक्समध्ये जळते. गरम हवा आणि धूर नळकांड्यातून मांसावरून जातात आणि धुराड्यातून बाहेर पडतात.

अडचण

कुटुंबाने वहीत एक चित्र काढले होते. ७५ सेंटिमीटर व्यासाची आणि १८० सेंटिमीटर लांबीची गॅसची जुनी टाकी मधोमध चिरायची, एका बाजूला पेटी लावायची, वर पाइप बसवायचा. जागा ठरवली होती कुंपणाच्या कोपऱ्यात. चित्रात बाहेरची मापे सगळी होती. हवा कुठून येणार, किती येणार, कोणत्या वाटेने जाणार, याबद्दल मात्र काहीच नव्हते.

फॅब्रिकेटरचा हात चांगला होता, पण काम गेट, ग्रिल आणि शेडचे. स्मोकर त्याने कधी केला नव्हता. त्याने सरळ सांगितले, मापे तुम्ही द्या, मी तंतोतंत करून देतो. असा माणूस मिळणे हे भाग्यच. पण मग चुकीचे मापही तो तितकेच तंतोतंत करणार. जबाबदारी पूर्ण आराखड्यावर आली आणि म्हणून पत्रा आणण्याआधी काम थांबवून आम्ही, म्हणजे कुटुंबाला सल्ला देणाऱ्यांनी, हिशेब मांडायला घेतला.

किती जणांसाठी?

पहिला प्रश्न आकाराचा. सुरुवात पाहुण्यांच्या संख्येपासून केली.

शिजलेले मांस माणशी २०० ग्रॅम धरले. मोठे, चरबीचे तुकडे मंद आचेवर शिजताना वजनात बरेच उतरतात; ४० टक्के घट धरून चालणे सुरक्षित. म्हणजे १२ जणांना शिजलेले २.४ किलो, त्यासाठी कच्चे ४ किलो. तीन किलोचे दोन तुकडे घेतले तरी उरते. चाळीस जणांना शिजलेले ८ किलो, म्हणजे कच्चे साधारण साडेतेरा किलो, अर्थात तीन किलोचे पाच तुकडे.

आता जाळी. नळकांडे ५० सेंटिमीटर व्यासाचे आणि एक मीटर लांबीचे घेतले आणि जाळी बरोबर मध्यावर टेकवली, तर वापरता येणारी जाळी सुमारे ४७ बाय ९५ सेंटिमीटर. त्यातले फायरबॉक्सकडचे १८ सेंटिमीटर फार तापतात, ते सोडून द्यावे लागतात. उरलेल्या जागेत हवा फिरायला फट ठेवून तुकड्यांच्या दोन ओळी बसतात, प्रत्येकीत तीन. एकूण सहा तुकडे. वर्षातून एकदा येणारे चाळीस पाहुणेही यात आरामात भागतात.

मूळ चित्रातली टाकी याच्या चौपट आकारमानाची होती: १९६ लिटरऐवजी जवळजवळ ८०० लिटर. दर खेपेला दोन तुकड्यांसाठी एवढी पोकळी तापवायची म्हणजे लाकूड फुकट. वजनाचा फरकही तेवढाच बोलका. सहा मिलिमीटर पत्र्याचे वजन चौरस मीटरला ४७ किलो भरते. मोठा स्मोकर पाय, जाळ्या आणि दारांच्या पट्ट्या धरून ४०० किलोच्या वर गेला असता. लहान दोनशेच्या आसपास राहतो. दोनशे किलो चार माणसे चाकांवरून हलवू शकतात. चारशे किलो जिथे ठेवले तिथेच कायमचे.

वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसासाठी स्मोकर बांधण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. आमच्या मते नेहमीच्या जेवणाच्या तिप्पट क्षमता पुरेशी असते.

कशापासून बनवायचा?

चार पर्याय समोर होते.

गॅसची जुनी टाकी स्वस्तात मिळत होती आणि तिचा पत्रा उत्तम जाड होता. तरी ती नाकारली. रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते. आतल्या थरांत आणि झडपेत गॅस राहतो आणि ग्राइंडरची एक ठिणगी स्फोटाला पुरते. झडप काढून, टाकी धुऊन, पाण्याने भरून कापायची पद्धत आहे, पण ती ज्यांनी आधी केली आहे त्यांनीच करावी. या फॅब्रिकेटरने केलेली नव्हती.

दोनशे लिटरचा पिंप हा दुसरा पर्याय. पत्रा फक्त एक-सव्वा मिलिमीटर, आत बहुतेकदा रंगाचा किंवा इपॉक्सीचा थर, आणि पूर्वी आत काय भरले होते ते कळायला मार्ग नाही. उभा पिंप कोळशावर छान चालतो. पाच-सहा माणसांच्या घराला, खाद्यपदार्थाचा स्वच्छ, अस्तर नसलेला पिंप मिळत असेल, तर आम्ही तोच सुचवू. पण या कुटुंबाला लाकडाचा जाळ हवा होता आणि पातळ पत्र्याचा त्रास तर आधीच भोगून झाला होता.

विटांचा कायमचा स्मोकर दिसायला देखणा. त्याला पाया लागतो, तापायला वेळ लागतो आणि धूर शेजाऱ्यांकडे जातो हे नंतर कळले तर तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वाऱ्याचा अंदाज अजून घेतलेला नव्हता, म्हणून हाही मागे पडला.

ठरले ते नव्या साध्या लोखंडी पत्र्याचे: सहा मिलिमीटर, रोलिंग मशीनवर वळवून एकच जोड, आणि तो जोड मागच्या बाजूला, जाळीच्या वर. जोड तळाला आला तर गळणारी चरबी वेल्डिंगमधल्या बारीकशा छिद्रातूनही बाहेर झिरपते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, नट-बोल्ट किंवा जाळी आत कुठेही वापरायची नाही, असे लेखी ठरवले. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि फायरबॉक्समध्ये ते तापमान सहज ओलांडले जाते. वेल्डिंग करताना निघणारा जस्ताचा धूर वेल्डरलाही ताप आणतो.

उलट्या वाटेच्या रचनेचाही विचार झाला. तिच्यात जाड तव्याखालून धूर पलीकडच्या टोकाला जातो, मांसावरून परत येतो आणि धुराडे फायरबॉक्सच्या बाजूला असते. उष्णता जास्त समान मिळते, पण तव्याचे वजन वाढते, तापायला वेळ लागतो आणि तव्याखाली साफसफाई अवघड होते. सरळ वाटेची रचना घेऊन उष्णता पसरवायला आत सुटे पत्रे ठेवायचे ठरले. सुटे पत्रे सरकवता येतात. वेल्ड केलेला तवा सरकत नाही.

हवेची वाट

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता.

फायरबॉक्स नळकांड्याच्या आकारमानाच्या एक तृतीयांश असावा, हा बांधणाऱ्यांमध्ये रुळलेला अंदाज. १९६ लिटरला ६५ लिटर, म्हणजे ४० सेंटिमीटरची चौकोनी पेटी. पण घरी येणारे लाकूड ४० सेंटिमीटर लांबीचे होते. ते पेटीत आडवे-उभे कसेही टाकले तरी भिंतीला टेकणार आणि टोकाकडून हवा कोंडणार. दरवेळी लाकूड पुन्हा कापण्यापेक्षा पेटीची लांबी ५० सेंटिमीटर केली. आकारमान ८० लिटर झाले, प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. थोडा मोठा फायरबॉक्स चालतो, लहान चालत नाही: लहान पेटीत जाळ पेटता ठेवायला जागा नसते आणि लाकूड पेटण्याऐवजी धुमसते.

फायरबॉक्स आणि नळकांडे यांच्यामधल्या तोंडाला फायरबॉक्सच्या दर लिटरमागे सुमारे ३ चौरस सेंटिमीटर आणि बाहेरून हवा घेणाऱ्या भोकाला सुमारे १.२ चौरस सेंटिमीटर, हा आणखी एक प्रचलित हिशेब. ८० लिटरला अनुक्रमे २४० आणि ९६ चौरस सेंटिमीटर आले. हे आकडे किमान धरले. भोक मोठे असेल तर झडपेने लहान करता येते. लहान भोक मोठे करायचे म्हणजे पुन्हा कटर. हवेचे भोक १५० चौरस सेंटिमीटरचे केले, त्यावर सरकती झडप.

तोंडाचा आकार पत्र्यावर खडूने काढून पाहिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ते अगदी तळापासून सुरू केले तर वितळलेली चरबी उताराने थेट जाळात जाईल आणि पेट घेईल. म्हणून तळाचे ४ सेंटिमीटर उंबऱ्यासारखे सोडले आणि त्यावर ८ सेंटिमीटर उंचीची फट कापली. नळकांड्याच्या गोलाईमुळे या फटीचे क्षेत्रफळ २९० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे किमान हिशेबापेक्षा जास्त. शिवाय नळकांड्याला विरुद्ध टोकाकडे मीटरभरात दीड सेंटिमीटर उतार दिला आणि सर्वांत खालच्या बिंदूला एक इंची पाइप आणि बॉल व्हॉल्व्ह, खाली बादली.

धुराडे साडेबारा सेंटिमीटर व्यासाचे, जाळीच्या पातळीवर बाजूने बाहेर काढून मग वर वळवलेले. धुराडे नळकांड्याच्या माथ्यावर लावले की गरम हवा छताला चिकटून निघून जाते; जाळीच्या पातळीवर लावले की तिला मांसावरूनच जावे लागते. धुराड्याची उंची ६० सेंटिमीटर ठरली. ती का ठरली याला कारण नव्हते. आराखड्यातला हा एकच आकडा हिशेबाविना आला होता.

जागा

कुंपणाचा कोपरा पक्का करण्याआधी एक साधी चाचणी सुचवली. जुन्या लोखंडी बादलीत थोडे ओलसर लाकूड धुमसत ठेवायचे आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी धूर कुठे जातो ते पाहायचे. सकाळी धूर मोकळ्या बाजूला गेला. संध्याकाळी वारा फिरला आणि धूर थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. कोपरा रद्द झाला. नवी जागा घरापासून साडेतीन मीटरवर, वर झाडाची फांदी किंवा छपराची वळचण नाही. भिंतीपासून आणि छपरापासून तीन मीटर अंतर आम्ही किमान मानतो. बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये दार उघडे ठेवूनही हा स्मोकर चालवायचा नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघड्यावर जाळ करण्याबद्दल आपल्या भागात काय नियम आहेत, तेही याच टप्प्यावर पाहून घ्यायचे.

दोनशे किलो चार पायांवर म्हणजे मऊ माती पहिल्याच पावसात खचणार. दीड बाय अडीच मीटरचा, १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा कोबा टाकला आणि तो चार आठवडे मुरू दिला. ओल्या काँक्रीटवर उष्णता पडली की आतली वाफ पापुद्रा उडवते. फायरबॉक्सखाली राखेचा ट्रे आणि त्याखाली विटांचा एक थर.

बांधणी

गोल नळकांड्यातून दार कापणे हे या कामातले सर्वांत फसवे पाऊल. वळवलेल्या पत्र्यात ताण साठलेला असतो. चारही बाजू एकदम कापल्या की दाराचा तुकडा उसळून उघडतो आणि नंतर बसत नाही. म्हणून क्रम ठरवून दिला. आधी फक्त बिजागऱ्यांच्या बाजूची रेघ कापायची. बिजागऱ्या तिथेच वेल्ड करायच्या. मग बाकीच्या तीन बाजू कापायच्या, कोपरे शेवटी. दाराच्या कडेला आतून बाहेर डोकावणारी २५ बाय ३ मिलिमीटरची पट्टी, आधी टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारून, मग दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे एकाआड एक वेल्ड करून. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड ओढली की पट्टी दाराला वाकवते.

नळकांड्याचे दार या क्रमाने केले आणि ते एक-दोन मिलिमीटरच्या फटीत बसले. फायरबॉक्सचे दार सपाट आहे म्हणून त्याला क्रमाची गरज नाही, असे धरून फॅब्रिकेटरने पट्टी सलग वेल्ड केली. ते दार वाकले आणि वरच्या कोपऱ्यात पाच मिलिमीटरची फट राहिली. त्या वेळी कुणी ती फारशी मनावर घेतली नाही.

थर्मामीटरसाठी दोन भोके जाळीच्या पातळीवर, दोन्ही टोकांपासून १५ सेंटिमीटरवर. झाकणाच्या माथ्यावरचा थर्मामीटर माथ्याचे तापमान सांगतो, मांस मात्र जाळीवर असते. बाहेरून उष्णता सोसणारा रंग, आतून काहीच नाही. हा रंग पहिल्या जाळाच्या आधीच मारून झाला.

पहिला जाळ

पहिला जाळ मांसाविना, मोठा, दोन-तीन तासांचा: वेल्डिंगचे अवशेष आणि रोलिंगचे तेल जळून जायला हवे. त्यानंतर आत खाद्यतेलाचा पातळ हात फिरवून १५० अंशांच्या आसपास तीन-चार तास. इथपर्यंत ठीक.

मग खरी परीक्षा. जाळीभर पावाचे स्लाइस मांडले आणि १२० अंशांवर चालवायचा प्रयत्न केला. फायरबॉक्सकडच्या, उजव्या टोकाचे स्लाइस काळे झाले तेव्हा डावीकडचे पांढरेच होते. थर्मामीटरमध्ये फरक ४५ अंशांचा. धूर पांढरा आणि दाट. हवेची झडप जवळजवळ बंद केली तरी तापमान उतरेना. धुराड्याची ओढ मात्र कमजोर, इतकी की फायरबॉक्सचे दार उघडले की धूर तोंडावर यायचा.

दोन वेगळे दोष एकत्र दिसत होते. वाकलेल्या दाराच्या फटीतून हवा शिरत होती, म्हणून झडपेला अर्थ उरला नव्हता. आणि ओढ उंचीवर अवलंबून असते: धुराड्यातल्या गरम हवेचा स्तंभ जितका उंच, तितकी ती जोरात खेचते. मधल्या वळणामुळे ६० सेंटिमीटर पुरत नव्हते.

दुरुस्तीचा क्रम इथे महत्त्वाचा. कुटुंबाला आधी आतल्या पत्र्यांना हात घालायचा होता, कारण जळलेले स्लाइस डोळ्यांसमोर होते. पण हवा ताब्यात नसताना पत्रे कितीही सरकवले तरी दर जाळाला निकाल वेगळा येतो. आधी फायरबॉक्सचे दार दुरुस्त केले: पट्टीचे वेल्ड तीन ठिकाणी कापून, दार दाबून सरळ केले आणि तुकड्यातुकड्याने पुन्हा जोडले, कडेला स्टोव्हसाठी मिळणारी काचतंतूची दोरी लावली. नंतर धुराड्यावर बाहेरून घट्ट बसणारा पाइप चढवून उंची एक मीटर केली. धूर लगेच पातळ, निळसर झाला. फरक तरीही ३० अंशांचा राहिला.

तिसऱ्या टप्प्यात आतले काम. तोंडाच्या वर, पलीकडे खाली झुकणारा ४५ बाय १५ सेंटिमीटरचा पत्रा लावला, म्हणजे ज्वाळेची झळ थेट जाळीवर येत नाही. त्यापुढे ४ मिलिमीटर जाडीचे चार सुटे पत्रे. फायरबॉक्सजवळ त्यांच्यात फट जवळजवळ नाही. पुढे १, २ आणि ४ सेंटिमीटर. पुन्हा पाव. डावे-उजवे अंतर १२ अंशांवर आले आणि तिथेच थांबले. बारा अंश हा दोष मानायचा नाही: जास्त गरम टोकाला चरबीचा तुकडा, कमी गरम टोकाला कोंबडी किंवा लहान तुकडे.

नळकांड्याच्या दारातून थोडा धूर अजूनही निघत होता. तो तसाच राहू दिला. काही जाळांनंतर चरबी आणि काजळी ती फट आपोआप भरते, आणि तिथून हवा जाळापर्यंत पोहोचत नाही.

परिणाम

आता नेहमीच्या जेवणाला वाळलेल्या, फोडलेल्या लाकडाचा मनगटाएवढा एक तुकडा साधारण ४० मिनिटांनी टाकला की १२० अंशांच्या आसपास टिकते. लाकडातला ओलावा १५ ते २० टक्के असेल तरच. ओले लाकूड आले की पांढरा धूर आणि कडवट चव परत येते. धुराड्याची झडप कायम पूर्ण उघडी. तापमान जाळ लहान-मोठा करून सांभाळायचे, हवा कोंडून नाही, हे कुटुंबाच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. मांसाचे आतले तापमान ७० अंशांच्या आसपास तासन् तास अडकते, कारण पृष्ठभागावरून उडणारा ओलावा त्याला थंड करत राहतो. अशा वेळी पूर्वी ते जाळ वाढवत. आता वाट पाहतात आणि मोठा तुकडा आतून ९० ते ९५ अंशांना पोहोचल्यावरच उतरवतात.

चाळीस पाहुण्यांचा दिवस पाच तुकड्यांवर पार पडला. शेजाऱ्यांची तक्रार आली नाही. फायरबॉक्सवरचा रंग मात्र पहिल्या महिन्यातच पापुद्र्यांनी निघाला.

वेगळे काय करता आले असते

रंग शेवटी मारायला हवा होता. दुरुस्तीसाठी कापाकापी झाली तिथे तो जळला, आणि पत्र्यावरचा काळा गंजथर घासून काढला नसल्यामुळे बाकी ठिकाणी तो धरलाच नव्हता. फायरबॉक्सला तर रंग लावूच नये. गरम असताना तेलाचा हात फिरवत राहणे पुरते.

धुराडे आणि तोंडावरचा पत्रा पहिल्या जाळापर्यंत नुसते टॅकवर ठेवायचे, पूर्ण वेल्ड नंतर. फॅब्रिकेटरला यासाठी दुसऱ्यांदा बोलवावे लागते, म्हणून ही दुसरी फेरी सुरुवातीच्या बोलण्यातच ठरवून घ्यावी. इथे ती ठरलेली नव्हती आणि दाराच्या दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर थोडी ओढाताण झाली.

वेल्डिंगचा क्रम सांगताना फक्त अवघड दाराबद्दल सांगितले, सोप्या दाराबद्दल नाही. प्रत्येक लांब जोडासाठी तो आराखड्यावरच लिहून देता आला असता.

धुराड्याची उंची ९० सेंटिमीटर ते एक मीटर पहिल्यापासून धरायची. पाइप जास्त लांब निघाला तर दहा मिनिटांत कापता येतो.

आणि लाकूड ठेवायची जागा आराखड्यात नव्हतीच. ते आता कोब्याच्या कडेला, उघड्यावर, ताडपत्रीखाली आहे आणि पावसाळ्यात भिजते. पुढचे काम तेच: स्मोकरपासून तीन मीटरवर, जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच आणि दोन बाजूंनी उघडे असे छोटे छप्पर.